राजदूतचं तेल

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग. एक घाटावरचा अन् एक घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा घाटावर. जिल्ह्याचं गाव बुलढाणा अगदी घाटाच्या काठावर, थंड हवेचं म्हणून इंग्रजांनी निवडलेलं. सोयरीक जुळवताना आमच्याकडं आधी हेच विचारतात, पोरगी वरची की खालची.

रेल्वे घाटाखालून गेली. मुंबई-नागपूर रुळावर मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं लागतात. खामगावच्या कापसासाठी तर इंग्रजानं जलंबपासून आठ मैलांचा खास फाटा काढला, 1870 साली, अन् त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. कापसापायी लाटसाहेब खामगावात उतरला, पण घाट चढून रूळ वर आला नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी माझ्या आज्याच्या जवानीत होती, बापाच्या काळात होती. माझ्या तर केसाची कापसाची बोंडं झाली. बुलढाणा शहरात रेल्वेची शिट्टी अजून वाजली नाही. म्हणून घाटावरच्या माणसाला मोटारीचं अन् फटफटीचं जे अप्रूप होतं, ते रोज रेल्वे पाहणाऱ्याला सांगून कळायचं नाही.

आमचं गाव चिखली तालुक्यातलं. आज्याच्या वेळी गावाला चाक म्हणजे बैलगाडीचं. मालवाहू गाडी वेगळी अन् माणसं न्यायची दमणी वेगळी. दमणी हलकी, वर बांबूची कमान, तिच्यावर ताडपत्री, आत गादी. लेकीबाळी माहेराला यायच्या त्या दमणीत. कापूस न्यायचा खामगावला, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. दहा-बारा गाड्यांची रांग संध्याकाळी निघायची, आसाखाली कंदील बांधलेले, पुढचा गाडीवान जागा अन् मागचे झोपलेले. बैलांना वाट पाठ होती. दोन मुक्काम पडायचे.

या गाडीची एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढं तिचं काम आहे. ती गोष्ट म्हणजे वंगण. गाडीला वंगणाचा एक नळा टांगलेला असायचा, त्यात तेलात भिजवलेल्या चिंध्या. निघायच्या आधी आजा चाक काढून आसाला वंगण लावायचा, तेही हात राखून नाही, चांगलं थापून. वंगण कमी पडलं की चाक कुईकुई करतं, आस झिजतो, बैल दमतात. जास्त झालं तर काय होतं? काहीच होत नाही, थोडं गळून जातं. "वंगणाले अन् बैलाच्या ढेपीले हात आखडू नये," असं आजा म्हणायचा. हे मी शाळेच्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा पक्कं शिकलो.

मोटार आज्यानं पहिल्यांदा खामगावात पाहिली. कापसाच्या एका व्यापाऱ्याची. गाडी सोडायच्या जागी ती उभी होती अन् बैल तिला बुजले, एवढंच तो सांगायचा. त्याला खरी मजा वाटायची ती कोळशाच्या मोटारीची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं, तेव्हा खाजगी सर्व्हिस मोटारींना मागून कोळशाची भट्टी बसवली होती. भट्टीचा धूर म्हणजे गॅस इंजिनात जायचा अन् त्याच्यावर गाडी चालायची. निघायच्या आधी क्लीनर तास-अर्धा तास भट्टी पेटवत बसायचा. चढ आला की कंडक्टर म्हणायचा, उतरा. तिकीट काढलेली माणसं मोटार ढकलत वर न्यायची अन् वर गेल्यावर परत बसायची. आजा म्हणायचा, "बैलगाडीत निदान बैल ओढतात. इथं पैसे देऊन आपुनच बैल."

एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर धावली, पण आम्ही तेव्हा त्या राज्यातच नव्हतो. आमचा वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर होता, राजधानी नागपूर. 1956 च्या नोव्हेंबरात आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्र झाला. माझ्या आठवणीतली एस.टी. लाल, तीन कोसांवरच्या डांबरी सडकेवरून दिवसातून दोनदा जाणारी. गावात यायला तिला रस्ताच नव्हता. पावसाळ्यात काळी माती अशी की माणसाची चप्पल राहते मागं अन् पाय येतो पुढं.

रस्ता दिला तो दुष्काळानं. 1972 चा दुष्काळ. मी तेव्हा बारा वर्षांचा. सगळं गाव खडी फोडायला. माय, बाबा, आमचा सालदार, आम्ही पोरं, सगळे एका ओळीत. शाळेत सुकडी मिळायची. पाझर तलाव झाले, सडका झाल्या, अन् आमच्या गावापासून डांबरी सडकेपर्यंतचे तीन कोस खडी अन् मुरूम पडला. त्या रस्त्यावर माझ्या मायनं फोडलेले दगड आहेत. पुढं त्यावर डांबर आलं, मग सिमेंट आलं. दगड खालीच असतील.

रस्ता झाल्यावर चाकं यायला लागली. आधी आली पंचायत समितीची जीप. मग इलेक्शनच्या जीपा, त्यांच्या मागं आम्ही बिल्ल्यांसाठी धावायचो. शेजारच्या गावातल्या एका मोठ्या बागायतदारानं बुलेट घेतली. ती मद्रासची गाडी, 1955 पासून तिथं बनायची, आधी फौजेसाठी. तिची किक मारायची म्हणजे परीक्षा. आधी अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, मग लिव्हर दाबायची, मग अंग टाकून किक. काटा चुकला की किक उलटी येऊन नडगीवर बसायची. त्या बागायतदाराचा मुलगा महिनाभर लंगडला अन् तरी लोकांना म्हणायचा विहिरीत पाय घसरला. आमच्या भागात हिंडणाऱ्या डॉक्टरांची येझदी होती, म्हैसूरची. तिची किकच वळवली की गेर व्हायची, अन् दोन्हीकडं दोन सायलेन्सर. डॉक्टर फाट्यावर असतानाच आवाजावरून कळायचं, की कोणाच्या तरी घरी सुई आहे.

आमच्या घरी फटफटी आली ती 1979 च्या उन्हाळ्यात. राजदूत, 175 ची.

ती कशानं आली हेही सांगायला पाहिजे. तेव्हा घाटावर एच-फोर कापूस जोरात होता. सुरतेच्या केंद्रात 1970 साली निघालेलं ते वाण, कापसातलं पहिलं संकरित. आमच्या गावरान पऱ्हाटीपुढं ते म्हणजे राक्षसच. खर्च जास्त, फवारे जास्त, पण बोंड असं की वेचणारणीची ओटी चार झाडांत भरते. अन् 1972 पासून कापूस एकाधिकार योजनेत जायचा, पैसे हप्त्याहप्त्यानं मिळायचे. हप्त्याच्या पैशाला लोक नावं ठेवायचे. माझं मत थोडं निराळं आहे. सगळा पैसा एकदम आला असता तर तो सावकार अन् लग्न यांच्यातच विरला असता. दुसरा हप्ता उशिरा आला, देणी फिटल्यावर आला, म्हणून तो बाबांच्या हातात चार दिवस टिकला.

पण तो पुरला नाही. बाबांनी एक बैलजोडी विकली. दोन जोड्यांपैकी चांगली जोडी, लखन अन् चांद्या. आज्यानं वासरापासून वाढवलेली. गुरांच्या बाजारातून बाबा चालत आले अन् आज्यापुढं दावी ठेवली. आजा काही बोलला नाही. ती दोन्ही दावी त्यानं खुंटीला टांगली, अन् तो मरेपर्यंत तिथंच होती.

बाबांनी राजदूतच का घेतली? स्कूटरला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची, अन् बारीक चाकाची स्कूटर आमच्या चिखलात काय कामाची. बुलेट परवडत नव्हती. राजदूत फरीदाबादची, मूळ नकाशा पोलंड देशाचा, तीन गेर, लोखंड भरपूर. दोन दुधाच्या कॅना, एक कडब्याची पेंडी अन् मागं बायको बसली तरी कुरकुर नाही. 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूर जी छोटी फटफटी चालवतो, तीही राजदूतच. पण आमची ती नव्हे, आमची कामकरी. कॉलेजातली पोरं तिला दूधवाल्याची गाडी म्हणायची. म्हणोत.

गाडी आली तेव्हा मायनं तिच्या चाकावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. गाव गोळा झालं. आजा ओसरीवर पाठमोरा बसून सुतळी वळत होता. बाबा म्हणाले, "आबा, बसून तं पाहा." आजा म्हणाला, "माही जोडी घेऊन ये, बसतो."

त्या पोळ्याला आमची एकच जोडी तोरणाखाली उभी राहिली. झडत्या म्हणणाऱ्यानं राजदूतवर झडती केली, शेणही देत नाही अन् शिंगंही नाहीत, अशा अर्थाची. गाव पोट धरून हसलं. बाबाही हसले. आजा जोडी घेऊन मागल्या मागं निघून गेला.

आता आमच्या सालदाराबद्दल. नाव घालत नाही, त्याच्या घरचे लोक गावात आहेत. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. पाडव्याला साल ठरायचं अन् तो बारा पाडवे आमच्याकडंच राहिला. राजदूत धुवायची त्यानं. लखन-चांद्याला जसं नदीत नेऊन घासायचा, तसंच पैनगंगेच्या काठावर ढकलत न्यायचा अन् पेंढीच्या चोथ्यानं टाकी घासायचा. पुढं टाकीवर बारीक रेघा पडल्या त्या त्याच्याच. पण तिच्यावर तो कधी बसला नाही. त्याला कोणी बस म्हटलं नाही, हे जास्त खरं. सोयरे बसले, पाव्हणे बसले, गावचे मास्तर बसले. मामा गाडीमागून चालत शेतात यायचा अन् बाबांना ते खटकायचं नाही, मलाही खटकलं नाही.

दहावी होऊन मी तेव्हा शेती करत होतो. गाडीची सगळी हौस माझी. आता दुचाकीच्या इंजिनाचं थोडं सांगतो, आजच्या पोरांना ठाऊक नसतं. राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या इंजिनाला तेलाची वेगळी कोठी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळून टाकीत ओतायचं. ते पेट्रोलबरोबर जळतं अन् जळता जळता आतल्या भागाला वंगण करतं. आमच्या चिखलीच्या मिस्त्रीनं प्रमाण सांगितलं होतं, लिटरला चाळीस मिली. पंपावर पेट्रोल घेतलं तर ते मिसळून मिळायचं. पण पंप दूर, म्हणून आम्ही घरी एक डबा भरून ठेवायचो अन् तेल टोपणानं मोजून टाकायचो. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो. जास्त झालं तर ते पुरतं जळत नाही, काजळी धरते, प्लगच्या टोकावर चिकट काळा थर बसतो अन् ठिणगी पडत नाही.

हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की वंगणाला हात आखडू नये.

श्रावणातली गोष्ट. त्या दिवशी दुपारी मी टाकीत पेट्रोल ओतलं. डबा गोठ्यातच असायचा. गाडी दोन दिवसांपासून चढाला कण्हत होती, असं मला वाटलं. म्हणून जिथं तीन टोपणं घालायची तिथं मी सहा घातली, वर आणखी एक, बोहणीचं घालावं तसं. ढेप जास्त घातली की बैल जोरावर येतो. बाबांना सांगितलं नाही. उद्या गाडी कशी पळते ते पाहून तेच विचारतील, मग सांगू, असं मनात होतं.

रात्री नऊ-साडेनऊला मामा गोठ्यात वैरण टाकायला गेला अन् त्याच्या पायाला घोणस डसली. डाव्या अंगठ्याला. त्यानं साप पाहिला होता, म्हणून घोणस हे नक्की. माणसं जमली. कोणी निंबाचा पाला चारला, कडू लागतो का म्हणून. कोणी म्हणालं नागोबाच्या ठाण्यावर न्या, कोणी मंत्र टाकणाऱ्याला बोलवायला पळालं. पाय घोट्यापर्यंत सुजला होता अन् अंगठा काळानिळा. बाबांनी राजदूत बाहेर काढली. औषध होतं बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात, गावापासून तीस-पस्तीस किलोमीटर.

तेव्हा आजा ओसरीवरून उठला. बाबांना म्हणाला, "पोचन का हे?"

बाबा म्हणाले, "पोचन."

बाबा पुढं, मध्ये मामा, मागं मी त्याला धरून. मामा त्या गाडीवर पहिल्यांदा बसला. पाय कुठं ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं. मायनं सायलेन्सरपासून पाय दूर राहावा म्हणून त्यावर पोतं बांधलं. सहा व्होल्टचा दिवा, रेस वाढवली की उजेड, कमी केली की अंधार. बारीक पाऊस. चिखलीची सडक लागेपर्यंत गाडी ठीक चालली, फक्त धूर फार. मी मागं बसलेला, तो धूर माझ्याच नाकात. चिखली मागं पडली. येळगावच्या अलीकडं चढाला गाडी दोनदा खोकली अन् बंद पडली.

बाबांनी किका मारल्या. पंधरा-वीस तरी. मग बाजूच्या खोक्यातून पाना काढला, प्लग खोलला. बॅटरी माझ्या हातात. प्लग बाहेर आला तो काळा, ओला, टोकावरून तेल गळतंय. बाबांनी तो नाकाजवळ नेला. मग माझ्याकडं न पाहता विचारलं, "तेल किती घातलं होतं?"

मी म्हटलं, "तीन टोपणं."

बाबा काही बोलले नाहीत. पॉलिश पेपरनं प्लग घासला, धोतराच्या सोग्यानं पुसला, बसवला. मामा सडकेच्या कडेला दगडावर बसला होता. "मालक, मले भोवळ येते," एवढं म्हणाला. गाडी चालू झाली. दोनेक किलोमीटर गेली अन् परत तेच. परत प्लग, परत पॉलिश पेपर. तिसऱ्यांदा ती किकनं घेईना, तेव्हा मी अन् बाबांनी मामाला वर बसवूनच उताराला ढकलली. आजा सांगायचा ती कोळशाची मोटार मला त्या वेळी आठवली, पण हसू येण्यासारखं काही नव्हतं. दीड-दोन तासांच्या आत व्हायची वाट आम्हाला चार तास लागली.

दवाखान्यात त्याला लगेच घेतलं, इंजेक्शनं चालू केली. सकाळपर्यंत लघवीतून रक्त. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाचला. पण अंगठा सडला होता. तो काढावा लागला, बाजूचं बोटही. घोणशीच्या विषानं मांस सडतं, लवकर पोचलो असतो तरी कदाचित सडलंच असतं. डॉक्टरांना मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मामा पंधरा-सोळा दिवसांनी घरी आला तो एस.टी.नं, फाट्यावरून मी त्याला गाडीत आणलं, बैलाच्या.

त्या दसऱ्याला आज्यानं नांगर, वखर, तिफण यांची पूजा मांडली. राजदूत गोठ्याच्या दाराशी उभी होती. आज्यानं तिच्या पुढच्या चाकाला झेंडूची माळ घातली. "माणूस आनला इनं," म्हणाला. बाबा माझ्याकडं पाहत होते. मी बाहेर गेलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळ्यांचं सारखंच आहे. मास्तरांनी लुना घेतली, पुण्याची, पन्नास सीसीची. 1972 पासून बनायची, पण आमच्याकडं उशिरा पोचली. तिला पायडल होतं, पेट्रोल संपलं तर सायकलीसारखी मारत यायचं, म्हणून मास्तर लोकांचा तिच्यावर भरवसा. मग एम-80 आली. 1985 च्या सुमारास हिरो होंडा निघाली अन् दुचाकीचा सगळा हिशोबच बदलला. फोर-स्ट्रोक इंजिन, तेल वेगळ्या कोठीत, पेट्रोलमध्ये काही मिसळायचं नाही, लिटरला ऐंशी किलोमीटर म्हणायचे. आमच्या भागात ती खरी पसरली नव्वदनंतर, सोयाबीनच्या पैशावर. कापसासारखं सोयाबीनला हप्ता नाही अन् वेचणी नाही. दिवाळीच्या आधी पैसा हातात. दिवाळीला चिखलीत शोरूमपुढं रांग. नंबर तोवर एमएच-28 चे झाले होते. ही पद्धत 1989 ची. एम.एच. अठ्ठावीस दिसलं की परमुलखातही आपला माणूस म्हणून आम्ही हात करतो, आजही.

चारचाकी आली ती आधी भाड्याची. काळीपिवळी जीप, दहाची परवानगी अन् बाहेर लोंबकळणारे धरून वीस. तिच्यावर एक वेगळा लेख होईल. घरची कार गावात पहिली एका कंत्राटदारानं आणली, जुनी फियाट, आरसा सुतळीनं बांधलेला. मारुतीच्या पहिल्या गिऱ्हाइकाला 1983 साली इंदिरा गांधींनी किल्ली दिली होती. आमच्या गावात मारुती दिसायला त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं गेली. आता सिंदखेड राजाजवळून समृद्धी महामार्ग जातो, त्यावरून गाड्या ज्या वेगानं जातात तो पाहून बांधावरच्या माणसाला आपण उभे आहोत का मागं चाललोत तेच कळत नाही.

मामानं आमच्याकडचं साल सोडलं ते 1984 ला. लंगडत असला तरी बटईनं शेती केली, पोरगा शिकवला. पोरानं 1998 साली स्प्लेंडर घेतली. गाडी आणली तशी पहिल्यांदा आमच्या दारात आणली, मागं मामा बसलेला, डोक्याला नवा रुमाल, पाय बरोबर पायदानावर. माझे बाबा तेव्हा गेले होते. मामा म्हणाला, "भाऊ असते तं पाह्यलं असतं." मी पोराला विचारलं, तेलाचं काय? तो म्हणाला, "हिला पेट्रोलमध्ये काही टाकायचं काम नाही."

मी मामाला खरं सांगितलं ते फार उशिरा, तो जायच्या दोन वर्षं आधी. आम्ही दोघं लिंबाखाली बसलो होतो, हुरड्याचे दिवस. मी म्हटलं, "मामा, त्या रात्री गाडी माझ्यापायी बंद पडली. म्या तेल दुप्पट घातलं होतं. अन् बाबाले खोटं सांगितलं."

तो कणीस चोळत होता. म्हणाला, "मले मालूम हाये. तू टोपनं वतत होता तवा म्या गोठ्यातच होतो, गव्हाणीच्या मांगं. सात घातले तू."

मी म्हटलं, "मंग बोलला काहून नाही?"

"दोन दिस आधी भाऊ घालत होते तवा तीन मोजले होते म्या. तू सात घातले. मले वाटलं, शिकेल पोरगं हाये, त्याले समजत असन."

मग त्यानं चोळलेल्या हुरड्याची मूठ माझ्या हातावर रिकामी केली अन् दुसरं कणीस घेतलं.

राजदूत अजून गोठ्यात आहे. गेल्या साली छत्रपती संभाजीनगरहून दोन पोरं आली होती, जुन्या गाड्या घेऊन नव्यासारख्या करतात ती. चांगला भाव सांगत होती. टाकीवरच्या रेघा पॉलिशनं जातील म्हणाले. मी म्हटलं, रेघा राहू द्या, गाडी विकायची नाही. तिच्या सीटवर सध्या एक कोंबडी खुडूक बसली आहे, अन् बायकोनं सांगून ठेवलंय की पिलं निघेपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही.